मास्तरांचा वेस्टकोट

"काढा तो आधी. गिऱ्हाइकाचा कपडा आपल्या अंगाला लावायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत," बायको म्हणाली.

लाँड्रीच्या काउंटरमागे, गिऱ्हाइकांची नजर पोचणार नाही अशा कोपऱ्यात तो आरशासमोर उभा होता. अंगावर काळा वेस्टकोट. खांद्यात बसला होता, पोटावर बसला होता, पाठीमागचा पट्टाही ओढावा लागला नव्हता. दुसऱ्याचा कपडा इतका नीट बसावा, हेच बायकोला जास्त खटकत होतं.

"दोन तासांचा तर प्रश्न आहे. सेमीफायनल झाली की परत हँगरला."

"आणि जिंकलात तर?"

"मी कशाला जिंकतोय?"

शनिवारी सकाळीही तो हेच म्हणून बाहेर पडला होता आणि दोन सामने मारून आला होता. गेली सहा वर्षं तो पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या स्पर्धेत उतरायचा, पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत गारद व्हायचा आणि संध्याकाळी मुकाट्याने इस्त्रीला उभा राहायचा. यंदा काय झालं होतं कोण जाणे, चेंडू सांगितल्यासारखे पॉकेटमध्ये पडत होते. आणि त्यातूनच ही पंचाईत उभी राहिली होती. काळी पँट, पांढरा शर्ट आणि काळे बूट हा नियम पहिल्या फेरीपासून होता. सेमीफायनलपासून पुढे त्यावर काळा वेस्टकोट हवा होता. आपण कशाला तिथवर पोचतोय, म्हणून त्याने तो शिवायला टाकलाच नव्हता. आज रविवार. एकही दुकान उघडं नव्हतं.

गंमत म्हणजे हा नियम व्हावा म्हणून सगळ्यात आधी हात वर केला होता तो त्यानेच.

ती सभा टायरच्या दुकानावर असलेल्या क्लबात, टेबलांच्या कडांवर बसूनच झाली होती. क्लबात त्याला सगळे कडक म्हणत. त्याची कॉलर पावसात भिजली तरी मान टाकत नसे, म्हणून. सेक्रेटरी मोठ्या तळमळीने बोलत होता. मागच्या वर्षी एक जण हाफपँट आणि चपला घालून खेळला, पेपरात नेमका त्याचाच फोटो आला, आणि इथं टवाळखोर जमतात असं लोकांना वाटलं. आता एक चांगलं हॉटेल हॉल द्यायला तयार होतं, पण खेळाडूंनी शोभेल असं यावं एवढी त्यांची अट होती.

"चेंडूला कुठं कळतंय कोण काय घालून आलंय," वेटर म्हणाला. तो क्लबातला बरा खेळाडू. दुसऱ्याच एका हॉटेलात कामाला होता. "मी दिवसभर काळा वेस्टकोट घालून प्लेटा उचलतो. इथं येतो ते तो काढून टाकता येतो म्हणून. तुम्ही परत तोच चढवा म्हणता."

तेव्हा कडक उभा राहिला. तो सभेत कधी बोलत नसे.

"तुम्हाला कंटाळा आला असेल," तो म्हणाला. "पण सगळ्यांचे कपडे सारखे झाले की कोण डेंटिस्ट आणि कोण इस्त्रीवाला, ते टेबलापाशी कुणाला कळत नाही. मला तेवढं पुरे आहे."

"कळतं हो," वेटर म्हणाला. "मला तर लोक त्याच कपड्यांवरून ओळखतात."

सगळे हसले. कडकही हसला, पण त्याला ते पटलं नव्हतं. तीस वर्षं लोक काउंटरवर कपडे ठेवत आले होते आणि कपड्यांकडे बघतच परत जात आले होते. त्याचा चेहरा किती जणांनी नीट पाहिला असेल? पांढऱ्या शर्टात टेबलाभोवती फिरताना मात्र लोक त्याच्याकडे बघत. ते सुख लहान होतं, पण त्याचं होतं, आणि ते नियमातच लिहिलं जावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

काउंटरवर त्याच्याशी चार शब्द बोलणारं एकच गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, क्लबातले सगळ्यात जुने खेळाडू. त्यांच्या वेळी कसला नियम नव्हता, तरी ते साध्या सरावालासुद्धा वेस्टकोट घालून येत. "खेळायला आलोय, भाजी आणायला नाही," म्हणत. मागच्या वर्षी स्पर्धेच्या आठवड्यात त्यांनी तो धुवायला टाकला होता. रविवारी लागेल, एवढं सांगून गेले. शनिवारी त्यांना दवाखान्यात हलवलं आणि मंगळवारी ते गेले.

कडक त्यांच्या शेवटच्या दर्शनाला गेला होता. रांगेत सगळ्यात मागे उभा राहिला. मास्तरांना तपकिरी कोट घातला होता आणि त्याची कॉलर चुरगळली होती. एवढ्या माणसांत एकालाही इस्त्री फिरवायचं सुचू नये, याचं त्याला फार वाईट वाटलं. वेस्टकोट दुकानात तयार होऊन टांगलेला होता, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आलं ते दोन आठवड्यांनी. पण दुःखाच्या घरी कपड्याचं पुडकं घेऊन कसं जायचं? महिनाभर जाऊ दे, म्हणून तो थांबला. मग एवढे दिवस का ठेवलात, असं विचारतील म्हणून थांबला. असं करता करता वर्ष उलटलं, आणि वेस्टकोट प्लास्टिकच्या पिशवीत रांगेच्या टोकाला लटकत राहिला.

"मास्तर असते तर त्यांनीच घाल म्हटलं असतं," तो बायकोला म्हणाला.

"असते तर त्यांना विचारलं असतंत," ती म्हणाली आणि एका बेडशीटला इस्त्री करायला लागली. बोलणं संपलं की ती मोठ्या कपड्याला हात घालायची.

हॉटेलच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर दिवे सोडले होते. सेमीफायनलला समोर वेटरच होता, आपल्या नोकरीच्या वेस्टकोटमध्ये. छातीवरचं हॉटेलचं नाव त्याने पांढरी पट्टी चिकटवून झाकलं होतं.

"काय कडक, छान दिसताय," तो म्हणाला. "कुठनं शिवला?"

"जुनाच आहे," कडक म्हणाला. खोटं नव्हतं, पण तो काठी पुसायला वळला.

वेटर चांगला खेळला. शेवटच्या डावात दोघांचे बाकीचे चेंडू संपून फक्त काळा उरला होता; तो जो घालेल तो जिंकणार. पाळी वेटरची होती आणि शॉट सोपा होता. तो वाकला, काठी मागे घेतली, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका सुटाबुटातल्या माणसाने सहज हात वर केला.

"जरा पाणी आणता का?"

वेटर सरळ झाला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून "हो, आणतो," निघून गेलं. मग त्याचं त्यालाच उमगलं. आजूबाजूला खसखस पिकली. तोही हसला, पण कान लाल झाले होते. परत वाकला तेव्हा त्याचा हात आधीचा राहिला नव्हता. काळा चेंडू पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला.

कडकला तो नुसता ढकलायचा होता. त्याने ढकलला. टाळ्या पडल्या.

"चुकीचं झालं ते," तो वेटरला म्हणाला. "पंचांना सांगू या. शॉट परत घ्या."

"कशाला?" वेटर हात मिळवत म्हणाला. "नियमातच आहे ना, सगळे सारखे दिसले पाहिजेत."

कडकने काठी टेबलाला टेकवून ठेवली. तो फायनलला पोचला होता आणि छातीत आनंदाच्या जागी काहीतरी कुचंबत होतं. आपण त्या सभेत उभे राहून मोठ्या तोऱ्यात जे बोललो ते फक्त आपल्यापुरतं खरं होतं, हे त्याला आता दिसत होतं.

जेवणाच्या सुट्टीत सेक्रेटरीने माईक घेतला. यंदापासून विजेत्याची ट्रॉफी मास्तरांच्या नावाने द्यायचं ठरलं होतं. हे त्याने सगळ्यांपासून गुपित ठेवलं होतं. ट्रॉफी द्यायला मास्तरांच्या पत्नी स्वतः येणार होत्या.

कडकने घड्याळ पाहिलं. दुकान वीस मिनिटांवर होतं. वेस्टकोट काढून ठेवावा तर फायनल हुकणार. अंगावर ठेवावा तर तोंड कुठे लपवायचं? सरळ घरी निघून जावं, असंही मनात आलं. पण तो गेला नाही, कारण त्याला जिंकायचं होतं. सकाळी बायकोला काहीही सांगितलं असलं तरी एकदा, एकदाच, त्या दिव्यांखाली आपलं नाव पुकारलं जावं असं त्याला जिवापाड वाटत होतं. काळे वेस्टकोट सगळे सारखेच दिसतात, असं त्याने स्वतःला समजावलं.

मास्तरांची बायको वेळेवर आली. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची. सेक्रेटरी तिला फायनलच्या दोघांची ओळख करून द्यायला थेट टेबलापाशी घेऊन आला. आधी दुसरी सेमीफायनल जिंकलेल्या डेंटिस्टची झाली. मग ती कडककडे वळली, हसली, आणि तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली उतरून पोटावर थांबली.

"हे चौथं बटण मी लावलंय," ती म्हणाली. "तसलं मिळालं नाही म्हणून जरा मोठं लावलं होतं."

सेक्रेटरीला काही कळलं नाही. कडकला सगळं कळलं.

"मास्तरांचाच आहे, वहिनी," तो म्हणाला. "माझ्याकडे धुवायला टाकला होता. मी आणून द्यायला हवा होता."

"तुमच्याकडे होता?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी त्या दिवशी सगळी कपाटं उपसली हो. दोन्ही सुनांना कामाला लावलं. माणसं खोळंबली होती, आणि मी म्हणत होते, थांबा, त्यांना त्याच्याशिवाय पाठवायचं नाही. शेवटी मुलगा म्हणाला, आई, आता पुरे. मग तो तपकिरी कोट घातला. त्यांना आवडायचा नाही तो."

त्याच्या डोळ्यांपुढे ती चुरगळलेली कॉलर आली. रांगेत उभं राहून आपण इतरांना मनातल्या मनात नावं ठेवत होतो, आणि करायचं ते काम आपल्याच दुकानात लटकत होतं. लाज म्हणजे काय ते त्याला त्रेपन्नाव्या वर्षी असं भर हॉलमध्ये कळलं.

तो बटणं सोडायला लागला.

"अहो, हे काय?" सेक्रेटरी खालच्या आवाजात म्हणाला. "वेस्टकोटशिवाय खेळता येणार नाही. ठरावाला तुम्हीच अनुमोदन दिलंय."

"मला चालेल," डेंटिस्ट म्हणाला. "नुसत्या शर्टावर खेळू द्या त्यांना."

मागून वेटर पुढे आला. त्याने आपला वेस्टकोट कधीच काढून हातावर घेतला होता. "हा घ्या. थोडा सैल होईल, पण चालून जाईल."

"तोच राहू द्या अंगात," मास्तरांची बायको कडकला म्हणाली. "खेळून घ्या. मग द्या मला."

इतकी माणसं त्याला खेळ म्हणत होती. आयुष्यात पहिल्यांदाच एवढे जण एका वेळी त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला ते सहन होत नव्हतं. काठी धरायला हात स्थिर लागतो. त्याचा हात आता एकाच कामाचा उरला होता.

"नको," तो म्हणाला. "नियम नियमासारखा राहू दे. सामना यांना द्या."

मागे तो ज्या नियमाच्या बाजूने उभा राहिला होता त्याच्याच आडोशाला आज तो लपत होता, आणि हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं. टेबलाच्या हिरव्या कापडावर वेस्टकोट पालथा पसरून त्याने दोन्ही बाजू आत घेतल्या, खांदे जुळवले, मधोमध घडी घातली. एक सुरकुती राहिली नाही. ती घडी त्याने दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

तिने ती घेतली आणि तिथेच उलगडली. डावीकडच्या लहान खिशात दोन बोटं घालून त्याचं अस्तर बाहेर ओढलं आणि दिव्याकडे धरून पाहिलं.

"इथं डाग असायचा," ती म्हणाली. "निळा. काठीच्या टोकाला लावायचा तो खडू ते ह्या खिशात टाकायचे. लग्न झाल्यापासून मी त्यावरून त्यांना बोलत आले."

"काढला मी," तो म्हणाला. "निघत नव्हता. तीन वेळा घासला."

तो डाग निघाला त्या दुपारी त्याला केवढा आनंद झाला होता. मास्तर बघतील तेव्हा काय म्हणतील, याचीही त्याने कल्पना करून ठेवली होती.

तिने अस्तरावरून अंगठा फिरवला, उलटसुलट करून पुन्हा पाहिलं. "हो," ती म्हणाली. "काम चांगलंच असतं तुमचं."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

डेंटिस्टचं नाव पुकारलं गेलं. ती वेस्टकोट हातावर टाकून टेबलाला वळसा घालून गेली आणि एका हाताने ट्रॉफी दिली. फोटोसाठी सगळे जवळ सरकले. सेक्रेटरीने वेस्टकोट धरायला हात पुढे केला, तर तिने मान हलवून नको म्हटलं. कडक पांढऱ्या शर्टात भिंतीपाशी उभा राहून बघत होता. खिसा तसाच उलटा बाहेर लोंबत होता, पांढरा, नव्यासारखा. तो आत घालून सरळ करावा म्हणून त्याचे हात शिवशिवत होते. तो जागचा हलला नाही.