नट-बोल्ट नसलेली होडी

प्लायवूडचे लंबगोल तुकडे एका लांबलचक तुळईवर ओळीने उभे दिसले, तेव्हा मला वाटलं हे चपलांचं कपाट करतायत. आमच्या ह्यांना सुतारकामाचा नाद पहिल्यापासूनच आहे, म्हणून मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जवळच्याच निमतल्याच्या लाकडाच्या वखारीतून देवदाराच्या पट्ट्यांचा भारा आला. पट्ट्या बोटभर रुंद, पातळ, आणि इतक्या लांब की जिन्याच्या वळणावर वाकवून वर आणाव्या लागल्या.

"चपलांना एवढं लाकूड?" मी विचारलं.

"कपाट नाही गं, होडी आहे. कयाक. एकट्याने वल्हवायची असते. पट्ट्या एकमेकींना चिकटवून करतात."

मी कणीक मळता मळता बाहेर आले होते, तशीच आत गेले आणि मळत बसले. काय बोलणार? निवृत्त झालेला बँकेचा चीफ मॅनेजर, धड पोहता येत नाही, आणि घराच्या बोळात होडी करतोय! तेही कधी, तर आम्ही नाशिकला जायला निघालो असताना.

नाशिकचं सांगते. गंगापूर रोडला आमचा फ्लॅट आहे. घेऊन आठ वर्षं झाली, आणि तिथल्या स्वयंपाकघराच्या फरश्या मी स्वतः निवडल्यात. शेजारच्या इमारतीत माझी बहीण अलका राहते. ह्यांच्या बदल्यांपायी सगळा संसार मी दुसऱ्यांच्या भिंतींमध्ये केला. एक खिळा ठोकायचा तरी आधी परवानगी. निवृत्त झाले की नाशिक, हे आमचं ठरलेलं होतं. मग मुग्धाचं, आमच्या मुलीचं, लग्न ह्यांच्या शेवटच्या बदलीच्या गावातल्या, म्हणजे इथल्याच मुलाशी ठरलं, म्हणून बँकेचं क्वार्टर सोडून हावड्याच्या समोरच्या काठावर, बागबाजारात हा पहिल्या मजल्यावरचा जुना फ्लॅट भाड्याने घेतला, लग्नापुरता. लग्न झालं, पोरगी न्यू टाउनला संसाराला लागली. आता थांबायचं कारण काय? आणि नेमकं तेव्हाच हे होडीचं खूळ.

"निघायचं कधी?" मी विचारलं की हे म्हणत, "होडी होऊ दे." तारीख ठरवू या म्हटलं की "ठरव ना" म्हणत, आणि संध्याकाळी सँडपेपरचा नवा गठ्ठा घेऊन येत. माझं डोकं चालेनासं झालं. हा माणूस येतोय की नाही? रागावलाय का? बरं, चेहऱ्यावर राग नाही. उलट पट्टीच्या कडेला गोंद लावताना मान अशी तिरपी करून बघत बसत, की मला तीस वर्षांपूर्वीचे हे दिसत आणि मी माझा राग गिळून चहा ठेवत असे.

मुग्धाला फोन केला. ती म्हणाली, "आई, बाबा खूश आहेत ना? मग तू टेन्शन कशाला घेते?" मराठी तिचं असं, आणि शहाणपणही असंच. मी फोन ठेवला.

होडी उपडी वाढत होती. साच्यांवर एकेक पट्टी चढत गेली आणि सगळा बोळ भरला. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जायचं तर भिंतीला पाठ घासत जावं लागे. मग त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी गोंदाचा थर आला, घरभर असा वास की वरणाचा घासही तसाच लागायचा. एक मात्र खरं, लाकूड काय उजळलं होतं! तांबूस, मधासारखं. मी हात फिरवला आणि हे माझ्याकडे बघतायत हे लक्षात आल्यावर पटकन काढून घेतला.

शेवटी मीच सामान नेणाऱ्या कंपनीला बोलावलं. त्यांचा माणूस घर बघायला आला. आमचं घर बघून असले लोक नेहमी खूश होतात, कारण आमच्याकडे सगळं सुटं होतं. पलंग, टेबल, पुस्तकांची मांडणी, सगळं ह्यांनीच केलेलं आणि सगळं नट-बोल्टचं. बदलीच्या माणसाने असंच सामान करावं, हा ह्यांचा नेम. टीव्हीचा खोका आम्ही कधी टाकला नाही. भोपाळला मला एक संगमरवरी टेबल जिवापाड आवडलं होतं, तर हे म्हणाले, "ट्रकात कसं चढेल?" झालं, विषय संपला.

तो माणूस होडीपाशी थांबला. "सर, ये खुलता कैसे है?"

"खुलता नहीं," हे म्हणाले.

"एक ही पीस?"

"एक ही पीस."

तो गेल्यावर मी ह्यांना धरलं. "तुम्हाला तुकड्यांत करता आली नसती का?"

"आली असती. मध्ये आडव्या फळ्या घालून तीन भाग करतात, आणि ते बोल्टने जोडतात."

"मग का नाही केली?"

"नको वाटलं."

"अहो, पण जिन्यावरून उतरणार कशी? त्या वळणावर पट्ट्या वाकवल्या होत्या, ही काय वाकणार आहे?"

"नाही वाकणार."

"माप घेतलं नव्हतं?"

 ह्यांनी सँडपेपर उचलला आणि घासायला लागले.

मी घाबरलेच. फ्रिज घ्यायच्या आधी दुकानात टेप घेऊन जाणारा हा माणूस, आणि जिन्याचं माप विसरला? काही होतंय का ह्यांना? रात्रभर मला तेच. ह्यांची चूक झाली, पण कबूल करायची लाज वाटतेय, असं मी मनाशी धरलं. एवढी जीव ओतून केलेली वस्तू घरात अडकली म्हणून बिचारे गप्प झालेत. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! ठरवलं, होडी मी बाहेर काढीन आणि नाशिकला नेईन. गंगापूरच्या धरणात काय पाणी नाही?

खाली कालिंदीदी राहतात, आमच्या बंगाली घरमालकीण. त्यांच्याकडे जाऊन बसले. बोळ सरळ पुढच्या खोलीत उघडतो आणि त्या खोलीची मोठी खिडकी गल्लीवर आहे. तिची लोखंडी जाळी काढली, तर होडी नाकासमोर बाहेर येते. कालिंदीदी आधी "ना ना" म्हणाल्या. मग वर येऊन होडी बघितली, दोनदा "की शुंदोर" म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत जाळी परत बसवायच्या अटीवर तयार झाल्या. पाड्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, क्लबची माणसं दुर्गापूजेला केवढाले मंडप बांबूंवर उभे करतात, त्यांना होडी म्हणजे काय! त्यांचा म्होरक्या बापी, मला बौदी म्हणजे वहिनी म्हणणारा, म्हणाला, "बौदी, टेन्शन नहीं लेने का." हाही तेच.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं, उठून हात धरतील. हे नुसते "अच्छा" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. माझा हिरमोड झाला. एवढी खटपट केली आणि अच्छा?

ट्रक आला त्याच दिवशी सकाळी बापी आणि मंडळी आली. सामान ट्रकात चढत होतं, संध्याकाळची हावड्याहून दोघांची तिकिटं होती. जाळी निघाली, खिडकीबाहेर बांबू बांधले, होडीच्या पोटाखालून दोर गेले. "आस्ते, आस्ते!" गल्लीतली माणसं माना वर करून बघतायत, समोरच्या मिठाईवाल्याने कढईखालचा गॅस बंद केलाय, आणि होडी खिडकीतून हळूहळू बाहेर येतेय. ओरखडासुद्धा नाही! खाली टेकली तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"बघा! काढली की नाही? ट्रकात सबंध मावतेय, मी विचारून घेतलंय."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"शकुन," हे म्हणाले, "मला नाही जायचं नाशकाला."

मला आधी कळलंच नाही. गल्लीत इतका गोंधळ चालला होता.

"जिन्याचं माप मी घेतलं होतं. लाकूड आणायच्या आधीच. ही बाहेर निघणार नाही, हे मला माहीत होतं."

"अहो, पण का?"

"इथे मी संध्याकाळी गंगेच्या घाटावर जाऊन बसतो. कुणी साहेब म्हणत नाही. इतक्या गावांत राहिलो, पण राहावंसं कुठेच वाटलं नव्हतं. इथे वाटलं. तू त्या फ्लॅटची वाट बघत होतीस, तुला कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, होडी अडकली की राहूच आपण."

"म्हणजे होडी नाही, मी अडकले असते!" माझा आवाज चढला. मिठाईवाला बघायला लागला. बघू दे. "तुम्ही घरी येऊन नुसतं 'बदलीची ऑर्डर आली' म्हणायचात आणि मी खोके काढायचे. मी कधी जिन्यात काही अडकवलं?"

"नाही," हे म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "तुला जायचंच असेल तर येतो मी. चल."

 तो आवाज माझा होता. भोपाळ सोडताना, रांची सोडताना, प्रत्येक वेळी मी अस्संच म्हणाले होते, "चला." कुणाला कळलं नव्हतं त्यात काय होतं ते. मला एकटीला माहीत होतं.

तेवढ्यात बापी आला. "बौदी, किधर? ट्रक में, या गंगा?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. रडू येत होतं, राग येत होता, आणि दोन्हींतलं आधी काय करावं ते कळत नव्हतं. ही होडी नाशिकला नेऊन मी बाल्कनीत ठेवणार, आणि रोज हे तिच्याकडे बघणार, आणि मी ह्यांच्याकडे.

"गंगा," मी म्हटलं. मग ट्रकवाल्याला सांगितलं, "भैया, एक पलंग नीचे उतारो. गॅस, छोटा कुकर और वो निळी पेटी भी. साहब का सामान है."

"आणि तू?" हे म्हणाले.

"मी संध्याकाळच्या गाडीने जातेय. अलका येणार आहे स्टेशनवर."

"एकटी? शकुन, अगं येतो म्हटलं ना मी."

"असे नका येऊ. यावंसं वाटलं तर या. नाही वाटलं तर तसं कळवा, मी रागावेन, पण कळवा."

बरोबर करत होते की चूक, मला आजही सांगता येणार नाही. बापीच्या माणसांनी होडी खांद्यावर घेतली आणि मंडळी घाटाच्या दिशेने निघाली. हे चार पावलं तिच्यामागे गेले, थांबले, वळून माझ्याकडे आणि ट्रककडे बघत गल्लीच्या मधोमध उभे राहिले.

"चला," मी म्हटलं, "घाटापर्यंत येते मी."