गौर पेरायची नसते

गौर कोणी पेरत नाही. ती रानात आपली आपण उगवते, आपण पाणवठ्यावरून घरी आणतो. आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा, मुखवटे-बिखवटे नाहीत. दरवर्षी माझा भाऊ दगडू माहेरच्या डोंगरावरचा तेरडा लालबागला पाठवायचा. यंदा फोन आला, "कमल, डोंगर खाणीत गेला." गावाने मोर्चे काढले, सह्या केल्या, पण वरून परवानगी आली ती आलीच.

"आई, माझा तेरडा घ्या ना," सून अनुजा म्हणाली. गेल्या वर्षी तिने टॉवरच्या गच्चीवर, वाऱ्याने रोपं मोडू नयेत म्हणून प्लॅस्टिकचं घर केलं आणि दगडूकडून त्याच डोंगरावरचं बी मागवून तेरडा लावला. तेरड्याचा रंग तीन दिवस, बघू तुझी हौस किती टिकते, असं मीच चिडवलं होतं.

"प्लॅस्टिकच्या तंबूतली गौर? मुळीच नाही," मी म्हटलं. पण मला राहवेना. "असली घरं काढली कोणी गं?"

तिला तेवढंच हवं होतं. रोमच्या एका बादशहाला म्हणे रोज काकडी लागायची, थंडीतसुद्धा. माळी वाफे चाकांवर ठेवून उन्हात ढकलायचे, गारठ्यात पारदर्शक दगडाच्या पातळ फरशीखाली झाकायचे. पुढे काच आली, मग प्लॅस्टिक.

"आणि आता गंमत बघा, डोंगर खोदायला परवानगी देणारं सरकारच या घरांना अनुदान देतं."

"मेल्या बादशहाचे चोचले," मी म्हटलं. पण ती काकडीची गाडी काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दादरच्या फुलबाजारात नेहमीच्या फुलवालीकडे, सुंदराबाईकडे गेले. "तेरडा रानातला ना गं?"

"शेडनेटमधला आहे, ताई. रानातला आणायला रान नको का?"

रिकाम्या हाताने परतले. फार वाईट वाटत होतं. यंदा गौर बसणार नाही हे मनाशी धरलंच होतं. निदान सुनेचा तेरडा बघावा म्हणून गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीमागे, साचलेल्या मातीत, तेरडा फुललेला. प्लॅस्टिकच्या बाहेर.

"हा कोणी लावला?"

"कोणीच नाही," अनुजाही चकित झाली. "गेल्या वर्षी शेंगा फुटल्या, तेव्हा बी दारातून उडालं असणार. इथे आडोसाही आहे."

आणि टाकी म्हणजे पाणवठाच की. मी अनुजालाच तो उपटायला लावला, हळदीकुंकू वाहिलं आणि पुढे होऊन घराच्या उंबऱ्याआत उभी राहिले.

"गौर आली, कुठून आली?" मी रीतीप्रमाणे विचारलं.

अनुजा गोंधळली. "टाकीमागून."

"डोंगरावरून म्हण," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.