घरच्या घरी पहिला नंबर

धाकट्या सुनेचा दिवस सुरू व्हायचा तो दुकान शोधण्यापासून. दुकान काही पळून गेलं नव्हतं, घराच्या खालीच होतं. पण ते इंटरनेटवर कितव्या नंबरावर आहे हे बघितल्याशिवाय या घरात चहाला कुणी हात लावत नसे. सासूबाई त्यांच्या फोनवर शोधत, दीर त्याच्या, नणंद तिच्या सासरहून. ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ असं टाकायचं, आपलं नाव दिसलं की त्यावर बोट ठेवायचं आणि घरच्या ग्रुपवर कळवायचं: पहिला. गेले सहा महिने सगळीकडून पहिलाच येत होता.

आणि गिऱ्हाईक? त्याचं नाव काढू नका.

त्या नंबरासाठी धाकटीने काय म्हणून करायचं बाकी ठेवलं नव्हतं. रोजचं काम आटोपून, मान मोडेस्तोवर बसून तिने वेबसाइट उभी केली, फोटो चढवले, ‘यंत्रांची देखभाल व सर्वांगीण दुरुस्ती सेवा’ असल्या भारदस्त मजकुराची पानंच्या पानं लिहिली. डोळ्यांची पार वाट लागली. नवरा खाली दुकानात इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा आणि उघड्या दाराकडे बघत राहायचा. आता तेही संपत आलं होतं. चार दिवसांनी, एक तारखेला, दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याच्या ताब्यात द्यायचं आणि नवऱ्याने कारखान्यात पाळीवर जायचं, असं ठरलं होतं. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारा माणूस तिथे खोके रचणार होता. धाकटीला ते बघवत नव्हतं, पण वाद घालायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

त्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसली होती. शेजारच्या बाई गालाला हात लावून म्हणाल्या, “दाढ परवडली हो, पण त्या मशीनने जीव खाल्लाय. शिवायला बसलं की दोरा तुटलाच म्हणून समजा.”

धाकटी सावरून बसली. “अहो, आमचंच दुकान आहे दुरुस्तीचं. शोधा ना फोनवर, पहिलंच नाव येईल.”

बाईंनी टाकलं: मशीनचा दोरा सारखा का तुटतो. कुठली कुठली दुकानं आली, यांचं नाही.

“तसं नको, शिलाई मशीन दुरुस्ती टाका.”

बाईंनी तेही टाकलं. त्यांचा अंगठा खाली सरकत राहिला. एक पान संपलं, दुसरं संपलं. चौथ्या पानाच्या तळाशी एकदाचं दुकानाचं नाव दिसलं.

“पहिलं म्हणालात ना?” बाईंनी सरळ मनाने विचारलं. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी त्याच नावावर बोट ठेवून ठेवून घरातल्या सगळ्या फोनांना ते पाठ झालं होतं. आपल्या दुकानाला आपणच पहिला नंबर देत होतो आणि जगाला पत्ताच नव्हता. तिने डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे दुकानाचा फोन नंबर लिहून बाईंना दिला आणि पाय ओढत घरी आली.

नवरा हत्यारं पुसून कापडात गुंडाळत होता. चार दिवस गप्प बसणं सोपं होतं. पण तिला राहवेना.

“अहो, एक सांगायचंय. रागावू नका.” तिने सगळं सांगितलं. “सहा महिने तुम्हाला खोटं सांगत होते मी. मुद्दाम नाही, पण खोटंच.”

तो स्टुलावर बसला.

“म्हणजे लोक आपलं नाव बघून पुढे जात नव्हते?”

“नाही हो. त्यांना आपण दिसतच नव्हतो.”

त्याने चष्मा काढून तोंडावरून हात फिरवला. “मला वाटायचं, सगळ्यांच्या वर नाव आहे आणि तरी कुणी फिरकत नाही, म्हणजे माझ्या हातालाच काहीतरी झालंय. दुरुस्त केलेली मशीनं मी पुन्हा उघडून बघायचो, कुठे चुकतंय म्हणून.”

धाकटीला रडू फुटलं. रोज सकाळी चहाबरोबर ती जी आनंदाची बातमी म्हणून द्यायची, ती हा माणूस सहा महिने मुकाट्याने गिळत होता.

“रडतेस काय,” तो म्हणाला. “त्या बाई नेमकं काय म्हणाल्या?”

“शिवायला बसलं की दोरा तुटतो.”

“वरचा की खालच्या बॉबिनचा?”

“ते नाही विचारलं.”

“विचारायचं ना, अगं.” त्याने कापडाची गाठ सोडली आणि हत्यारं एकेक करून पुन्हा टेबलावर मांडायला लागला. “लिही तुझ्या वेबसाइटवर, बाई बोलल्या तस्संच; लोक तसंच शोधतात. आणि त्या कव्हरवाल्याला कळव, किल्ली एवढ्यात मिळणार नाही म्हणावं.”