आधी नेट, मग कॉम्प्युटर

राजूरच्या हायस्कूलमधला परीक्षा विभागाचा कॉम्प्युटर शटडाऊन केला तरी बंद व्हायचं नाव घेत नव्हता. स्क्रीन काळी व्हायची, पण डब्यातला पंखा घुमत राहायचा आणि पुढचा दिवा तसाच जळत राहायचा. पंधरा दिवस हा छळ चालला होता. राजेश्वरी मॅडम रोज संध्याकाळी त्याच्यापुढे पाच-दहा मिनिटं ताटकळायच्या आणि शेवटी बटण दाबून धरून त्याचा जीव घ्यायच्या. असं रोज रोज मारलेलं मशीन एक दिवस फायलींसकट बसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण करता काय?

त्या शुक्रवारी तर त्यांचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. शनिवारी शाळा समितीची बैठक होती आणि भागूबाईला कामावरून काढायचं तिथे ठरणार होतं. भागूबाई म्हणजे शाळेची शिपाई, एकोणीस वर्षं खोल्या उघडणारी, झाडणारी, घंटा देणारी. सहामाहीचे नववीचे पेपर फुटले होते. पेपर तयार व्हायचे मॅडमच्या कॉम्प्युटरवर आणि त्या खोलीच्या किल्ल्या दोनच, एक मॅडमकडे, दुसरी भागूबाईकडे. मग बोट कुणाकडे जाणार? हेडसरांना तसं लिहून दिलं ते मॅडमनीच, स्वतःच्या सहीनिशी.

आता खरं सांगायचं तर ते त्यांच्या मनातलं नव्हतंच. कानिफनाथ सर म्हणाले, म्हणून लिहिलं. सर शाळेत मराठी शिकवायचे आणि गावात त्यांच्या मिसेसची शिकवणी होती. शिकवणीच्या पोरांना पेपर आधी कळला हे तर उघडच झालं होतं. सरांनी स्वतःच येऊन सांगितलं, "ताई, भागूबाईची नात दिशा आमच्याकडेच येते. आजीने किल्ली लावली, नातीने पेपर वाटला. मला सांगतानाही वाईट वाटतंय." सर सांगतायत म्हटल्यावर मॅडमनी पुढे एक शब्द विचारला नाही.

का विचारतील? मॅडमच्या यजमानांचा अपघात झाला तेव्हा नगरच्या दवाखान्यात चार रात्री बाकावर झोपलेला माणूस तो. दर भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा. व्हायरसची कटकट नको म्हणून दोन वर्षांपूर्वी या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं ते त्यानेच. काळ्या खिडकीत कमांड कशी द्यायची, मशीनने ठेवलेल्या नोंदी कशा वाचायच्या, तेही त्यानेच शिकवलं होतं. कॉम्प्युटर बंद होत नाही म्हटल्यावर म्हणाला, "जुना मदरबोर्ड आहे, ताई. बटण दाबून धरा. सुट्टीत मी बघतो, तुम्ही आत हात घालू नका."

पण त्या दिवशी सर प्रशिक्षणाला नगरला गेलेले आणि मॅडमचा संताप कुठेतरी निघायलाच हवा होता. त्या पदर खोचून बसल्या. आधी पेनड्राइव्ह काढला, प्रिंटरची वायर काढली आणि शटडाऊन दिलं. नाहीच. पुन्हा चालू करून पुन्हा शटडाऊन दिलं, आणि या खेपेला काळ्या स्क्रीनवर एस्केपचं बटण दाबलं. पडद्यामागच्या ओळी समोर आल्या. शेवटची ओळ जागची हलत नव्हती. 'जतन' नावाचं एक काम संपायची वाट मशीन बघत होतं. पुढे सेकंद पळत होते आणि किती थांबायचं त्याला मुदत नव्हती.

'जतन' हे नाव मॅडमनी कधी ऐकलं नव्हतं. बटण दाबून मशीन मारलं, पुन्हा उठवलं आणि त्या कामाची फाईल उघडली. आत जेमतेम दहा ओळी होत्या. कॉम्प्युटर बंद होताना प्रश्नपत्रिकांच्या फोल्डरची नक्कल बाहेर एका खात्यावर पाठवायची, आणि ती पोचेपर्यंत मशीन बंद होऊ द्यायचं नाही. खातं कानिफनाथ सरांच्या नावाचं होतं.

बॅकअप असेल, असं मॅडमनी स्वतःला सांगून पाहिलं. पण बॅकअप घेणारा माणूस निकाल घेईल, हजेरी घेईल, दाखल्यांची नोंद घेईल. इथे तर फक्त प्रश्नपत्रिका होत्या. त्यांनी मागच्या नोंदी काढल्या. दोन वर्षांतला प्रत्येक पेपर, पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत, टाइप झाला त्याच संध्याकाळी गेला होता.

मग पंधरा दिवसांपूर्वीच हे का अडकलं? मॅडमनी शेवटची नक्कल गेल्याची तारीख पाहिली आणि सगळा उलगडा झाला. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली म्हणून हेडसरांनी नवा नियम काढला होता, साडेचारला आधी नेट बंद, मग कॉम्प्युटर. पूर्वी नेट चालूच असायचं, नक्कल गुपचूप निघून जायची आणि मशीन शहाण्यासारखं झोपायचं. आता जायला वाटच नव्हती. आणि ऑफिसातलं नेटचं बटण साडेचारच्या ठोक्याला बंद करत होती भागूबाई. खोलीची किल्ली काढून घेतल्यावर तिला ते बटण आणि गेटचं कुलूप एवढंच काम ठेवलं होतं.

मॅडमनी सरांना फोन लावला.

"सर, जतन काय आहे?"

सर म्हणाले, "ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, आत हात घालू नका म्हणून."

एवढंच. नाही म्हणाला असता, चिडला असता, तरी मॅडमना बरं वाटलं असतं. त्यांनी फोन ठेवला. चार रात्री बाकावर झोपला तो कोण होता मग? ज्याला भाऊ म्हणून ओवाळलं, त्याने आपले पेपर नेले आणि आळही आपल्याच हातून लिहून घेतला.

त्यांनी फाईल आणि नोंदी पेनड्राइव्हवर घेतल्या, 'जतन' कायमचं बंद केलं आणि शटडाऊन दिलं. पाच सेकंदांत दिवा गेला, पंखा थांबला.

हेडसर अजून ऑफिसात होते. मॅडमनी सगळं दाखवलं आणि आधीचं पत्र मागे घेतल्याचं लिहून दिलं. हेडसर कपाळाला हात लावून म्हणाले, "उद्याचा विषयच बदलला." मॅडम त्यांच्याकडून खोलीची किल्ली घेऊन धावतच गेटवर गेल्या. भागूबाई कुलूप घेऊन उभी होती.

"भागूबाई, कळलं सगळं. कानिफनाथ सरांचं काम होतं. तुमचा काही दोष नव्हता. ही तुमची किल्ली."

भागूबाईने किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"कसं कळलं?"

"कॉम्प्युटरमध्ये सापडलं."

"अकरा वर्सं तुमी माज्या हातचा च्या पिताय, बाई," भागूबाई सावकाश म्हणाली. "तुमचं बाळ मी मांडीवर घिऊन बसायचे, तुमी तासावर जायच्या. मी चोर न्हाई, हे त्या डब्यानं सांगितल्यावर कळलं व्हय तुमाला?"

मॅडमनी पुढे केलेला हात किल्लीसकट मागे घेतला.

"उद्या दिशाला घेऊन या," त्या कशाबशा म्हणाल्या. "सगळ्यांसमोर मी सांगते."

"दिशा न्हाई येत शाळंत. पोरं तिला पेपरवाली म्हनत्यात. सोमवारी तिच्या मामानं नेली तिकडं नारायणगावला. तिकडंच नाव घातलं."

भागूबाईने गेटचं एक दार ओढून घेतलं आणि दुसरं धरून थांबली.

"चला बाई, निघा. मला कुलूप लावायचंय."

मॅडम किल्ली मुठीत धरून बाहेर आल्या. मागे भागूबाईने कुलूप लावलं आणि नेहमीसारखं दोनदा ओढून पाहिलं.