बाराच्या आतला रस्सा

रक्तपेढीतली रात्रपाळी संपवून धम्मप्रिया घरी आली तेव्हा सव्वाआठ झाले होते. आई पुढच्या खोलीत बुद्धमूर्तीसमोर बसली होती. आईची, म्हणजे सरजाबाईंची, पाठ आता दारातून पाहिली तरी मोजता यावी अशी झाली होती. पांढऱ्या साडीच्या पदराखाली मणक्याचा एकेक मणी वेगळा दिसत होता.

पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या वर्षावासाला बेचाळीस दिवस झाले होते. एरवी आई पौर्णिमेला आणि अष्टमीला अष्टशील पाळायची. त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्न घ्यायचं नाही, एवढंच घरातल्यांच्या लक्षात राहायचं. यंदा वडील नव्हते. विहारात दर वर्षावासाला संध्याकाळी ग्रंथ वाचून दाखवायचं काम ते करत. त्यांच्या जागी आपल्याला वाचता येत नाही, तर आपण तिन्ही महिने अष्टशील पाळू, असं आईने आषाढी पौर्णिमेला भंतेजींना सांगून टाकलं. वय बघा, तब्येत बघा, पौर्णिमेपुरतं पुरे, असं भंतेजी म्हणाले होते. आईने मान हलवली आणि ऐकलं नाही.

मटण तर बंदच होतं. वरण पचत नाही, भाजीला चव नाही असं म्हणत ती दिवसातून एकदाच, अकराच्या सुमारास, वाटीभर दही-भात खायची आणि उठायची. बेचाळीस दिवसांत वजन साडेतीन किलोंनी कमी झालं होतं. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक एक. आकडा धम्मप्रियाने स्वतः काढला होता, खात्री होईना म्हणून दोनदा. सोमवारी पुन्हा तपासू, आणखी उतरलं तर भरती करून रक्त द्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आज गुरुवार होता. आईच्या नावाची पिशवी आपल्याच हाताने फ्रीजमधून काढावी लागणार, हा विचार रात्री काम करताना तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

पुण्याहून भावाचा, नागसेनचा, रोज फोन यायचा. आईला प्रोटीन पावडर दे, असं तो सांगायचा. ती पाण्यात कालवून आईसमोर तू धरून दाखव, असं धम्मप्रियाने एकदा त्याला सांगितलं होतं. तेव्हापासून तो पावडरीचं बोलत नव्हता, फक्त काळजी करत होता.

मटणाच्या रश्श्यासारखं काही, पण मटण नाही, हे शोधताना तिला फ्रान्समधल्या एका पदार्थाची कृती सापडली. तिकडे तो गोमांसाचा करतात. लाल वाइनमध्ये तीन तास मंद आचेवर. मांसाऐवजी अळंबी घालूनही चांगला होतो, असं लिहिलं होतं. अळंबीचा प्रश्न मंजुश्रीने सोडवला. ती रक्तपेढीत दिवसपाळीला असायची. मुरुडला तिचा नवरा सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी अळंबी पिकवायचा. तिच्या सासूने मात्र ती मटणासारखी दिसते म्हणून अळंबी शेडच्या बाहेर येऊ दिली तरी स्वयंपाकघरात कधी येऊ दिली नव्हती. सकाळी ड्युटी बदलताना मंजुश्रीने अर्ध्या किलोची पिशवी तिच्या हातात दिली आणि चव कशी लागते ते मला सांग, असं बजावलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून खाल्ली नाही म्हणाली.

वाइनचा प्रश्न राहिला. उकळल्यावर दारू उडून जाते असं लोक म्हणतात. सगळी उडत नाही, हे धम्मप्रियाला ठाऊक होतं. आणि उडाली असती तरी शील पाळणाऱ्या बाईच्या ताटात ती कुठल्या तोंडाने वाढणार होती? मग तिने वाइन त्या भांड्यात काय करते याचा विचार केला. आंबटपणा, थोडी गोडी, जिभेवरचा तुरटपणा आणि रंग. आईच्या बरणीत अंबाडीची वाळलेली लाल बोंडं होती. कोऱ्या कडक चहात तिने ती भिजवली, मूठभर काळ्या मनुका टाकल्या. तासाभरात पाणी गडद लाल झालं. परदेशी सुगंधी पाल्याऐवजी तिने कुंडीतली ओव्याची चार पानं तोडली. दोन्हींत वासाचं द्रव्य एकच असतं.

पावणेदहाला तिने लोखंडी कढई तापवली. अळंबी हाताने उभी फाडून थोडीथोडी टाकली. एकदम टाकली की पाणी सुटतं आणि ती भाजण्याऐवजी शिजते. आई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

"एवढी मोठी कढई अन् चारच तुकडे," ती म्हणाली. "कुणाच्या लग्नाचा स्वयंपाक हाय ह्यो? पुढच्या सालापर्यंत व्हईल का?"

धम्मप्रिया हसली. अळंबीच्या कडा तांबूस झाल्या आणि घरात खरोखर काहीतरी भाजल्याचा, खमंग, जड वास पसरला. आई चौकटीपासून दोन पावलं आत आली. ते धम्मप्रियाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. लोण्यावर लहान कांदे अख्खेच परतले, लसूण, दोन टोमॅटो, गाजराचे आणि बटाट्याचे मोठे तुकडे, तमालपत्र, तांबूस भाजलेली कणीक. मग कृतीत लिहिलं होतं तसं सगळं लाल पाणी एकदम ओतलं, झाकण ठेवलं, आच बारीक केली. साडेदहा वाजत होते. अकरा-सव्वाअकराला होईल असा तिने हिशेब केला आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर पाच मिनिटं टेकली.

जाग आली तेव्हा तिच्या अंगावर चादर होती. घड्याळात अकरा पस्तीस. कढई शांत होती. गॅस बंद होता.

आईने बंद केला होता. करपेल असं वाटलं, आणि तुला उठवावं वाटलं नाही, असं ती पुढच्या खोलीतून म्हणाली. रात्रभर उभी असतेस, झोप म्हटलं घटकाभर. कधी बंद केलास, असं धम्मप्रियाने विचारलं. तू झोपली की लगेच, असं उत्तर आलं.

तिने गॅस पेटवून मोठा केला. रस्सा उकळला तसा गाजराला सुरी लावून पाहिली. कच्चं. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, तरी कच्चंच. तेव्हा तिला कळलं. अंबाडी आधी पडली होती. आंबटात भाजी शिजत नाही. चिंच घालून डाळ शिजत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं, त्याचं कारणही ती नांदेडला एम.एस्सी. करताना शिकली होती. पण कृतीत वाइन आधी होती, म्हणून तिने आधी ओतलं. तिकडे तीन तास शिजवतात, हे ती वाचूनही विसरली होती. आईच्या तोंडात मागच्या दाढा राहिल्या नव्हत्या. हे तुकडे तिला चावणार नव्हते. कुकरमध्ये लावावं तर दाट रस्सा तळाला लागणार.

अकरा पन्नासला आई आत आली, झाकण काढून तिने वास घेतला.

"आंबट आधी घातलंस का?"

"हो."

"मग व्हत न्हाई आता. दही-भात खाते मी. उद्या खाऊ हे."

उद्या म्हणजे आणखी एक दिवस वाटीभर भात. आणि उद्या ती उद्याच म्हणेल. पण आई झाकणाजवळ वाकून उभी होती, अजून वास घेत होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"पाचच मिनिटं थांब," धम्मप्रिया म्हणाली. "बटाटे काढून कुस्करून परत घालते. भूक आहे ना?"

आईने जरा विचार केला. हाय म्हणाली, आणि जेवणाआधी हातपाय धुवायला मागे गेली.

न्हाणीघराचा नळ वाजू लागला. धम्मप्रियाने बटाटे कुस्करले, गाजराचे बारीक तुकडे केले, परत टाकले आणि ढवळत राहिली. अकरा अठ्ठावन्न. मग तिने स्टूल भिंतीशी ओढलं, वर चढली, घड्याळ खिळ्यावरून उतरवलं आणि मागचं चाक फिरवलं. वीस मिनिटं मागे. पंधरा वर्षं ती पिशवीवर वेळ लिहीत आली होती. रक्त कधी घेतलं, कधी तपासलं, कधी दिलं, मिनिटासकट. घड्याळ परत टांगून ती खाली उतरली.

नळ बंद झाला त्याच सुमारास गल्लीपलीकडच्या शाळेची घंटा झाली. बाराची, दुपारची शाळा भरायची वेळ. धम्मप्रिया ढवळायची थांबली. मागच्या बाजूने काहीच आवाज आला नाही. मग आई पदराला हात पुशीत आली, घड्याळाकडे बघितलं, अकरा बेचाळीस, आणि पाट ओढून बसली.

गाजर मऊ झालं होतं. पूर्ण नाही, पण झालं होतं. ताटात ज्वारीची भाकरी, वाटीत गडद लाल-तपकिरी रस्सा, वर एक अख्खा कांदा. आईने हात जोडून पुटपुटत म्हणायचं ते म्हटलं. भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, बोटांनी कालवलं. आधी सावकाश, मग जरा घाईने. घास उचलला.

"आई, थांब."

आई थांबली.

"मी घड्याळ मागं केलंय. बारा वाजून गेले."

घास आईच्या बोटांत होता. तो तिने ताटात ठेवला, नीट, सांडू न देता.

"घंटा ऐकली मी," ती म्हणाली.

"मग बसलीस कशाला जेवायला?"

"तू रातभर उभी. आल्यापास्नं चुलीपुढं उभी. म्हटलं, पोरीनं केलंय तर खावं, माझं मी बघून घेईन." ती ताटाकडे बघत होती. "तू बोलली नसतीस तर खाल्लं असतं. आता तू खरं बोललीस. त्याच्यावर कसं खाऊ?"

धम्मप्रिया जमिनीवर बसली. दही-भात तरी खाऊ दिला असता, असं ती म्हणाली, पण ते आईला नव्हतं, कुणालाच नव्हतं. बारानंतर आईला लिंबाचं पाणी चालायचं, गाळलेला रस चालायचा.

"हा रस्सा गाळून दिला तर?" तिने विचारलं.

आई हसली. पुढचे चार दात दिसले.

"ह्या पोरीला शाळा शिकवली," ती कुणाला तरी सांगावं तशी म्हणाली. "हाव, अन् भाकरी बी गाळ."

मग तिने विचारलं, तू कधी जेवलीस. काल दुपारी, असं धम्मप्रियाने सांगितलं, आणि सांगताना तिच्याही ते लक्षात आलं. आईने ताट तिच्यापुढे सरकवलं. कालवलेला, आईच्या बोटांचे ठसे असलेला काला. धम्मप्रियाने तो खाल्ला. चव मटणाची नव्हती. आंबट, खोल, किंचित तुरट, आणि अळंबी दाताखाली चिवट लागत होती. आई समोर बसून तिचे घास बघत होती. रिकाम्या पोटी असं बघत बसणं काय असतं, हे धम्मप्रियाला विचारायचं नव्हतं. तिने लिंबाच्या पाण्यात दोन चमचे साखर जास्त घालून दिली. आईने ते पिऊन टाकलं आणि गोड लई झालं म्हणाली.

संध्याकाळी ती पुन्हा ड्युटीवर गेली. आई विहारात गेली होती. भंतेजींना काय सांगितलं, ते तिने विचारलं नाही. रक्तपेढीच्या रजिस्टरमध्ये पहिली नोंद लिहिताना तिने मनगटावरच्या घड्याळात दोनदा वेळ पाहिली. सोमवारसाठी रजेचा अर्ज लिहून ठेवला. भरती करायचं झालं तर दिवस मोकळा हवा.

सकाळी ती आली तेव्हा दार उघडंच होतं आणि आत भाजल्याचा वास होता. आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. पुढ्यात ताट, ताटात काला, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. कढई गॅसवरून नुकतीच उतरवलेली होती, तिच्यातला रस्सा बोटभर खाली गेला होता.

"सात वाजता खाल्लं एकदा," आई म्हणाली. "आता दुसऱ्यांदा बसले. अकराला आनिक थोडं खाईन."

"तीनदा?"

"बाराच्या आत एकदाच खावं असं कुठं सांगितलंय? भंतेजी म्हणाले, बाई, तुम्ही उगाच एकदाच खाऊन राहिलात." तिने ठेच्याचं बोट काल्यात कालवलं. "ह्यात तिखट कामून घातलं न्हाई? फ्रान्सवाले आजारी हायत का?"

हे तू बेचाळीस दिवस भंतेजींना का नाही विचारलंस, असं धम्मप्रियाच्या ओठांवर आलं. पण ते आपणही विचारलं नव्हतं, कृती शोधली होती, आकडे काढले होते, घड्याळ उतरवलं होतं. तिने खांद्यावरची पर्स तिथेच ओट्यावर ठेवली.

आई खात होती. गाजराचा तुकडा तिने हिरड्यांनी दाबला, गिळला. रात्रीत मऊ पडलंय, असं म्हणाली. एक घास, मग आणखी एक. मधेच तिने वर पाहिलं.

"बघत काय उभी हाईस? चप्पल काढ. अन् त्या मंजुश्रीला सांग, आनिक पाव किलो लागंल."

धम्मप्रिया चप्पल काढायला दाराशी गेली. एक पट्टा निघाला, दुसरा अडकला. ती उंबऱ्यावर बसली आणि तो सोडवू लागली. आतून ताटाला वाटी लागल्याचा आवाज येत होता.