ब्रेकबाईंविषयी चार ओळी

सासूबाईंचे अंत्यसंस्कार आटोपले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दैनिकाच्या संपादकांचा फोन आला, आणि घरातल्या सगळ्यांच्या माना एकदम जावयाकडे वळल्या.

"चार ओळी लिहून पाठवा," संपादक म्हणाले होते. "संध्याकाळपर्यंत. चार म्हणजे आपला अर्धा रकाना. अर्ध्या गावाला गाडी शिकवली त्यांनी, मलाही. नुसती चौकटीतली बातमी बरी दिसणार नाही."

घरात लिहिणारा तो एकटाच. आता तो लिहायचा काय, तर वॉशिंग मशीन किंवा गिझर घेतला की खोक्यात जी माहितीपुस्तिका येते, ती. 'यंत्र ओल्या हाताने हाताळू नये' हे त्याचं सगळ्यांत जास्त छापलं गेलेलं आणि सगळ्यांत कमी वाचलं गेलेलं वाक्य. पण लेखणी ती लेखणी. मेहुण्याने तर त्याच्यासमोर टेबल पुसून कागदसुद्धा ठेवले.

"भावोजी, आता तुम्हीच. आमच्यात कुणाला जमायचं नाही."

तो बसला आणि तासाभरात लिहून मोकळा झाला. बायकोने कागद उचलला, मोठ्याने वाचायला लागली. "अत्यंत मनमिळाऊ, मृदुभाषी आणि..." ती थांबली. "मृदुभाषी? माझी आई?"

कालपासून रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तशातही तिला हसू फुटलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले अप्पासुद्धा, म्हणजे सासरे, मिशीतल्या मिशीत हसले.

कारण सासूबाईंच्या आवाजाची ख्याती गावभर होती. लोक त्यांना ब्रेकबाई म्हणत. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. समोर कुत्रं आडवं आलं की त्यांच्या हिरव्या, चेपक्या गाडीतून 'ब्रेक!' अशी आरोळी उठायची आणि मागच्या-पुढच्या चार गाड्याही आपोआप थांबायच्या. त्यांनी ड्रायव्हिंगची शाळा काढली तेव्हा गाडी चालवणारी बाई दिसली तरी लोक वळून बघत. गाडी शिकवणारी बाई म्हटल्यावर पहिलं वर्षभर कुणी फिरकलंच नाही. त्या रोज सकाळी गाडी धुवायच्या, शाळेच्या दारात उभी करायच्या आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसायच्या. रिकाम्या स्टिअरिंगशेजारी. शेवटी कुणीतरी दार उघडून विचारलं, "बाई, कुणाची वाट बघताय?" त्या म्हणाल्या, "तुझीच. बस." तो त्यांचा पहिला विद्यार्थी.

हे सगळं घरात सगळ्यांना पाठ होतं, आणि त्याच्या कागदावर त्यातलं एक अक्षर नव्हतं. त्याने मुकाट्याने कागद फाडला.

दुपारी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. तो टेबल सोडून बाहेरच्या खोलीत येऊन बसला. म्हटलं, कानावर काही पडेल. आणि पडलंही. नवल म्हणजे सगळ्यांकडून एकच गोष्ट.

अँब्युलन्स चालवणारा एक आडदांड माणूस होता, दारातून आत येताना वाकावं लागलं एवढा. तो म्हणाला, "बाईंनी मला कधी 'छान' म्हटलं नाही. कुणालाच म्हटलं नसेल. माझं गिअर बदलणं बघून म्हणायच्या, दगड फोडतोयस का? पण एके दिवशी भर बाजारातून गाडी काढत होतो. शेजारी बघतो तर बाई झोपलेल्या. मान कलती, डोळे मिटलेले. बस्स. त्या दिवशी मला कळलं की मला गाडी येते. परीक्षा वगैरे नंतर झाली हो."

"मी असताना नदीच्या पुलावर झोपल्या," कुणीतरी म्हणालं. "माझ्या वेळी चढावर," आणखी कुणी. बघता बघता त्या सुतकी खोलीत लोक चढाओढीने सांगू लागले, बाई कुणाच्या शेजारी कुठे झोपल्या ते. वरचा वर्ग मिळाल्यासारखे.

खिडकीजवळ चष्म्याच्या दुकानाची मालकीण बसली होती. ती सगळ्यांत शेवटी बोलली. "मी पन्नाशीला शिकले," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यावं लागायचं. मुलगा म्हणे, आई, तू आता या वयात? दीर म्हणे, हात कापतात तुझे. आणि कापायचेच. परीक्षेत नापास झाले, तर बाहेर येऊन रडत बसले. बाई आल्या, म्हणाल्या, रडणं झालं असेल तर गाडी काढ. इस्पितळाचा रस्ता घ्यायला लावला त्यांनी. पावसाने रस्ता नुसता निसरडा झालेला, ट्रक मागे लागलेले. मला दरदरून घाम फुटला. वाटलं, बाईंना विचारावं, थांबू का? बघते तर बाई गाढ झोपलेल्या! आधी वाटलं, उठवावं. मग मनात आलं, अगं, ही बाई रस्त्यावरच्या मांजरावरसुद्धा विश्वास ठेवत नाही, आणि तुझ्या भरवशावर झोपली." तिने पदराने डोळे टिपले. "ह्यांना मी पुढे चार वर्षं नेलं-आणलं. शेवटपर्यंत. कुणाची मिन्नतवारी नाही केली."

जावई बसल्या जागी पुढे सरकला. कारण त्याच्याही शेजारी त्या झोपल्या होत्या. तोही त्यांचाच विद्यार्थी. लग्नाच्या आधीचा, खरं तर लग्न ठरलं ते त्यामुळेच. बाईंची मुलगी कॉलेजला जाताना मागच्या सीटवर असायची, आणि हा आरशात रस्त्यापेक्षा तिलाच जास्त बघायचा. वडिलांनी ज्याला जन्मभर 'नेभळट' म्हटलं त्या मुलाच्या शेजारी ब्रेकबाई निवांत झोपल्या, ही गोष्ट त्याने मनात एखाद्या पदकासारखी जपून ठेवली होती. कुणाला बोलून दाखवली नव्हती इतकंच.

सुरुवात सापडली! तो उठून तडक स्वयंपाकघरात गेला. बायको कपबश्या विसळत होती.

"आई विद्यार्थ्यांच्या शेजारी झोपायच्या, तिथूनच सुरू करतो."

बायकोने नळ बंद केला. "आई? गाडीत झोपायची?"

"म्हणजे काय! बाहेर सगळे तेच तर सांगतायत. माझ्या वेळीही..."

"अरे, आई आयुष्यात गाडीत झोपली नाही. बसमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसायची." ती हात पुसत त्याच्याकडे वळली. "सोंग होतं ते. तिच्या बाजूला दुसरा ब्रेक होता ना? डोळे मिटून मान टाकायची, पण पाय त्या ब्रेकच्या वर. टेकवायचा नाही, नाहीतर गाडी अडते आणि विद्यार्थ्याला कळतं. अधांतरी धरायचा. आणि पापण्यांच्या फटीतून सगळं बघायची. मी मागे बसायचे, मला दिसायचं."

"माझ्या वेळीसुद्धा?"

"तुझ्या वेळी तर जरा जास्तच वेळ," बायको म्हणाली, आणि त्याचा पडलेला चेहरा बघून तिने जीभ चावली.

तो तिथल्या स्टुलावर बसला. पदक हातातून गळून पडल्यासारखं झालं. आपल्यावर विश्वास नव्हताच तर. एवढी वर्षं आपण कशावर छाती काढून गाडी चालवत होतो?

अप्पा पाणी प्यायला आत आले होते. ते जन्मभर कवळ्या बनवायचे, दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत. बोलणं बेताचं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडात शब्द बसवून बघितल्यासारखं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"रोज संध्याकाळी पोटरीत गोळा यायचा तिच्या," ते म्हणाले. "पाय तसा धरून धरून. मी शेकायचो. म्हणायचो, अगं, कशाला हा खटाटोप? सरळ सांगावं ना, तुला आता येतंय म्हणून. तर म्हणायची, सांगून कुणाला पटतं? आणि मी सांगितलेलं तर त्यांना वाटणार, बाई आज बऱ्या मूडमध्ये आहेत." अप्पांनी पेला पालथा ठेवला. "जावईबापू, जो तयार नसेल त्याच्या शेजारी ती डोळे मिटायची नाही. एकाच्या शेजारी तीन महिने मिटले नव्हते. तो बिचारा शेवटी सायकलवरच राहिला."

जावयाच्या डोळ्यांसमोर तो पाय आला, एवढ्या वर्षांत कधी न पाहिलेला. साध्या काळ्या चपलेतला, हवेत धरलेला. समोरच्याला धीर यावा म्हणून स्वतः इतकं सावध राहायचं, आणि ते त्याला कळूही द्यायचं नाही. असं कौतुक त्याचं आजवर कुणी केलं नव्हतं. कुणाचंच कुणी केलं नसेल.

इतक्यात मेहुणा आला. तो विमा कंपनीत; त्याला जिकडेतिकडे धोका दिसतो. त्याने विषय ऐकला आणि कपाळाला हात लावला. "शाळेची मालकीण गाडीत झोपायची, असं छापणार? भावोजी, उद्या शाळेचा परवाना जाईल! सोंग होतं हेच लिहा. खरंही आहे आणि त्यात आईचा मोठेपणाही आहे."

"ते मलाही कळतं," जावई म्हणाला. "पण बाहेर त्या चष्म्याच्या दुकानवाल्या बसल्यात. त्यांना हे उद्या पेपरात वाचायला लावू?"

मेहुण्याने दारातून बाहेर डोकावून बघितलं. बाई अजून खिडकीजवळच होत्या, शेजारच्या कुणाला तरी स्टिअरिंग धरल्यासारखे हात करून काहीतरी सांगत होत्या. तो परत आत आला. "मग झोपायची असंच लिहिणार? खोटं?"

"खोटंही नाही."

"मग राहिलं काय?"

जावई टेबलाशी जाऊन बसला. आयुष्यभर त्याने एकेका वाक्यावर घासाघीस केली होती: वाचणाऱ्याचा हातही भाजू नये आणि कंपनीवर दावाही होऊ नये अशी. ती कसरत आज पहिल्यांदा सार्थकी लागत होती. त्याने रिकाम्या स्टिअरिंगशेजारी बसलेल्या बाईंपासून सुरुवात केली. आरोळी लिहिली, मांजर लिहिलं, 'दगड फोडतोयस का' हेही घातलं. आणि मग लिहिलं: 'कौतुकाचे शब्द त्यांना ठाऊक नव्हते. विद्यार्थी तयार झाला आहे अशी खात्री पटली की, भर रहदारीत, त्या त्याच्या शेजारी डोळे मिटत.'

मेहुण्याने ते वाक्य दोनदा वाचलं, ओठ हलवत, पॉलिसीची कलमं वाचतात तसं. "डोळे मिटत," तो म्हणाला. "हं. यात काही धरता येत नाही." मग त्याने कागद जपून टेबलावर ठेवला. "छान झालंय, भावोजी."

दुसऱ्या दिवशी पेपर आला. संपादकांनी एक शब्दही कापला नव्हता, उलट शाळेच्या दारातला बाईंचा फोटो मोठा करून टाकला होता. गाडीच्या टपावर एक हात ठेवून त्या फोटो काढणाऱ्यावर ओरडतायत असा. सकाळभर फोन वाजत राहिला. चष्म्याच्या दुकानवाल्या बाईंनी तो अर्धा रकाना कापून काउंटरच्या काचेखाली ठेवला, असं कुणीतरी सांगितलं.

अप्पांनी तो लेख आधी स्वतः वाचला, मग लेकीकडून वाचून घेतला, मग जावयाला वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "चांगलं लिहिलंत. एक राहिलं."

"काय, अप्पा?"

"तिने मला गाडी शिकवली नाही."

बायकोने चमकून वर बघितलं. घरात हे कुणाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. अप्पा सगळीकडे पायी जात, एवढंच सगळ्यांना माहीत.

"मी मागे लागलो होतो," अप्पा म्हणाले. "लग्न नवं होतं तेव्हा. नाही म्हणाली. सगळ्या गावावर ओरडते, म्हणाली, घरी एक तरी माणूस असू दे ज्याच्यावर ओरडायची पाळी येऊ नये."

"आणि नाही ओरडली?" मेहुण्याने विचारलं.

"छे! ओरडायची की. मिठाचा डबा जागेवर नसला की ओरडायची." अप्पांनी चष्मा काढून पुसला. "पण शिकवलं नाही ते नाहीच. शब्दाची पक्की होती."

"हे आता छापता यायचं नाही, अप्पा," जावई हळूच म्हणाला. "पेपर निघाला."

"छापायला कुठे म्हणतोय मी? ऐका म्हणतोय." त्यांनी पायाने शेजारची खुर्ची पुढे सरकवली. लेक येऊन तीत बसली, मेहुणा दाराला टेकला, आणि अप्पा, ज्यांचं बोलणं जन्मभर बेताचं होतं, सांगायला लागले.