झिरो बघा, साहेब

आमची सुलेखा बारावी झाली अन् जालना रोडच्या पेट्रोल पंपावर कामाला लागली. अठराची पोर. अंगात निळा शर्ट, डोक्यावर पंपाची टोपी. आमच्या घरात टोपी घालून कामावर जाणारी ती पहिली. मी अख्ख्या गल्लीत सांगितलं. ज्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्यांच्या दारात जाऊन परत सांगितलं.

पण पांढऱ्या जीपवाला एक बाप्या तिच्यावर लई तोंड सोडायचा. पंपाची रीत अशी, की मशीनवर झिरो दाखवायचा, गिऱ्हाइकानं मान हलवली की मग नळी दाबायची. हा गडी फोनला चिकटलेला. वर बघायचा नाय, अन् भरून झालं की बोंबलायचा, झिरो दाखवला नाय, चोर हायत सगळ्या. परवा तर नोटा तिच्या तोंडावर फेकल्या. अन् मॅनेजर साहेबरावानं माफी मागायला लावली कुणाला, तर माझ्या नातीला. वर म्हणे, "परत बोंब झाली तर टोपी काढून घरी जायचं."

"अन् तू मुकाट ऐकलंस?" मी म्हणाले. "पाचोडच्या बाजारात माझ्या टोपल्याला कुणी पाय लावला असता, तर लंगडत घरी गेला असता."

"टोपलं तुझं होतं आजी, पंप माझा नाय. मी शिवी दिली की नोकरी माझीच जाती. आम्ही पोरींनी ठरवलंय काय करायचं ते."

काय ठरवलं ते सांगेना. म्हणून मी डब्याचं निमित्त काढून गेले, अन् हवा भरतात तिथं बसले. जीप आलीच.

"झिरो बघा, साहेब," सुलेखा म्हणाली.

तो फोनवर. ती थांबली, परत म्हणाली.

"भर की गं भिकारडे. तुझ्या बापाचा नोकर हाय का मी?"

माझी चप्पल हातात आली. सुलेखानं मात्र आवाज चढवला नाय. नळी मशीनला अडकवली, हात मागं बांधले अन् उभी राहिली. ते बघून शेजारच्या मशीनवरच्या तबस्सुमनं तिची नळी अडकवली. पलीकडं सत्यभामानंबी. सगळा पंप बंद. रांग पार रस्त्यावर गेली, हॉर्न सुरू झाले.

"काय झालं गं?" एका रिक्षावाल्यानं विचारलं.

"इनों झिरो देखे तो चालू होता," तबस्सुम जीपवाल्याकडं बोट करून म्हणाली.

"अरे चाचा, देखो ना झिरो. सवारी बैठी है मेरी," रिक्षावाला जीपवाल्यावर ओरडला.

साहेबराव पळत आला. आधी सुलेखावर डोळे वटारले. मग त्यानं रांग बघितली, अन् जीपच्या काचेपाशी वाकला. "साहेब, झिरो बघून घ्या. अन् पोरीला जरा नीट बोला."

"बघितला," तो पुटपुटला.

"मोठ्यानं, साहेब," सुलेखा म्हणाली. "मागं ऐकू गेलं पायजे."

"बघितला झिरो."

तिन्ही नळ्या एकदम निघाल्या. या खेपेला पैसे त्यानं तिच्या हातात दिले, ते बी मोजून. सुलेखा म्हणाली, "या परत," जशी सगळ्यांना म्हणती.

मी चप्पल पायात घातली. साहेबराव माझ्याकडं आला. "आजी, इथं कशाला बसलात?"

"नातीच्या डोक्यावरची टोपी बघायला," मी म्हणाले. "हाय जागेवर. जाते आता."